शेजारच्या गेटवरचा झेंडा

आमच्या आणि मिस्त्रींच्या घराची भिंत एकच आहे. म्हणजे होती. भिंत अजून तिथंच आहे, पण पलीकडं आता मिस्त्री राहत नाहीत, तेव्हा आहे म्हणावं की होती म्हणावं हे मला कळत नाही.

मी कुरुंद्याच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन हिंगोलीला आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली आणि पुढची सगळी वर्षं खेड्यांवरच्या पोरांना बाराखडी शिकवण्यात गेली. आमचे हे सरकारी कचेरीत कारकून होते. गावाबाहेर नवी प्लॉटिंग पडली तेव्हा आम्ही तिथं जागा घेतली. चार-दोन घरं सोडली तर सगळी सोयाबीनची रानं होती. शेजारचा प्लॉट घेतला एका मोटार रिवाइंडिंगवाल्यानं. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणं हा त्यांचा धंदा, दुकान गावात, धान्याच्या मोंढ्याच्या बाजूला. सगळा तालुका त्यांना मिस्त्री म्हणायचा, आम्हीही तेच म्हणायला लागलो. खर्च वाचावा म्हणून दोन्ही घरांच्या मध्ये एकच भिंत घातली आणि बोअरही एकच घेतलं. बोअर आमच्या हद्दीत, मोटार त्यांची.

त्यांच्या बायकोला मी भाभी म्हणायची आणि ती मला बाई, कारण मी शाळेतली बाई. आमचं काही फार गळ्यात गळा नव्हतं. त्यांच्या शेळीनं माझा कढीपत्ता दोनदा मुळापासून खाल्ला तेव्हा मी चार दिवस बोलले नव्हते. माझ्या सासूबाई होत्या तोवर ईदचा शीरखुर्मा मागच्या खिडकीत ठेवला जायचा, त्या गेल्यावर तो ओट्यावर यायला लागला, एवढाच काय तो फरक. भाभीच्या मुलीला दहावीपर्यंत मराठीचा अभ्यास मीच घ्यायची. ती पोरगी माझ्या पोरापेक्षा शुद्ध लिहायची. माझा पोरगा पुण्याला नोकरीला गेला, तेव्हापासून संध्याकाळी ती वही घेऊन आली नाही तर घर रिकामं वाटायचं.

हे सगळं सांगते आहे ते आम्ही किती चांगले होतो हे सांगायला नाही. इतकं साधं होतं, आणि ते कुठं बिघडलं हे मला अजून सापडलेलं नाही, म्हणून सांगते आहे.

पावसाळा संपत आला होता. कुणीतरी फोनवर काहीतरी टाकलं होतं. काय टाकलं होतं ते मी पाहिलं नाही आणि पाहिलं म्हणणारा प्रत्येक जण वेगळं सांगत होता. कुणी म्हणे चित्र होतं, कुणी म्हणे गाणं होतं, कुणी म्हणे टाकणारं पोरगं इथलं नव्हतंच. गावात दोन दिवस दुकानं अर्धी शटर ओढून होती. मग कळलं की मोठा मोर्चा निघणार आहे, आणि तो आमच्याच रस्त्यानं जाणार आहे, कारण सभेचं मैदान आमच्या कॉलनीच्या पुढं होतं.

कॉलनीच्या कोपऱ्यावर एका पोराचं मोबाईलचं दुकान आहे. पोरगं म्हणते, पण तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. माझ्या शाळेत शिकलेला, म्हणून अजून पाया पडतो. आमचे हे मागं गच्चीवरून पाय घसरून पडले होते तेव्हा यानंच पाठीवर टाकून रिक्षात बसवलं, दवाखान्यात रात्रंदिवस बसून राहिला. तोच मोर्च्याच्या आदल्या दिवशी घरोघर झेंडे वाटत होता. आमच्याकडं आला, एक झेंडा दिला, यांनी हात पुढं करून म्हटलं, "अजून एक दे रे."

"कुणाला सर?"

"मिस्त्रींच्या गेटला लावतो."

त्यानं भिंतीपलीकडं पाहिलं. मग हसून त्यानं दुसरा झेंडा दिला. "बराबर केलं सर. बाहेरून किती लोक येणार, कोण कसं असंल, काय सांगता येतं? आपल्या कॉलनीतल्या माणसाला काही होता कामा न्हाई."

हे ऐकून मला बरं वाटलं. हे मला नीट आठवतं, की मला बरं वाटलं. माझा नवरा शहाणा आहे आणि माझा विद्यार्थी चांगला निघाला असंच तेव्हा मनात आलं.

यांनी भिंतीवरून हाक मारली. मिस्त्री बनियनवर बाहेर आले.

"मिस्त्री, उद्याच्यासाठी हे एक लावून देतो तुमच्या गेटला. दोन दिसाची गोष्ट हाय. मग काढून टाकू."

मिस्त्रींनी झेंड्याकडं पाहिलं, यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "लावा की साहेब. तुमी म्हणता तर बराबरच असंल."

यांनी तो त्यांच्या गेटच्या दांडीला सुतळीनं घट्ट बांधला. मिस्त्रींनी सुतळी कापायला आतून पक्कड आणून दिली. मागाहून भाभी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना मला म्हणाली, "अच्छा करे भाईसाब. मैं रातभर यहीच सोच रही थी, क्या करना."

मोर्च्याच्या दिवशी मी तिला आणि पोरीला आमच्या घरी बोलावलं. दुपारी दोघी आल्या. मिस्त्री म्हणाले, मी घरीच थांबतो, घर उघडं टाकून कसं यायचं. हे दोन्ही गेटांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. आम्ही बायका स्वयंपाकघरात. मी मेथी निवडायला घेतली होती, भाभीनंही जुडी ओढून घेतली. पोरगी कानात वायर घालून बारावीचं पुस्तक वाचत बसली. मोर्च्याचा आवाज लांबून आला आणि मग एकदम दारात आला. घोषणा ऐकू येत होत्या. काही घोषणा देवाच्या होत्या, त्या मी लहानपणापासून ऐकत आले. काही दुसऱ्या होत्या. दुसऱ्या यायला लागल्या तसा मी नळ सोडून भांडी घासायला लागले, आवाज व्हावा म्हणून. भाभी म्हणाली, "बाई, भांडे तो साफच है."

मी नळ बंद केला. ती मेथी निवडत राहिली. एकेक पान. मी तिच्या तोंडाकडं पाहायचं टाळलं, म्हणून त्या वेळी ती घाबरलेली होती, का रागात होती, का नुसती मेथी निवडत होती, ते मला सांगता येणार नाही.

खिडकीतून मिस्त्रींचं अंगण दिसतं. मी पाहिलं तर मोर्च्यातली दहा-बारा पोरं त्यांच्या गेटात शिरलेली. मी खिडकीचा गज धरला. पण पोरं पाणी मागत होती. ऊन कडक होतं, गेटवर झेंडा होता, आपलंच घर म्हणून ती आत आली. मिस्त्री घरातून जार आणि पेला घेऊन आले. टोपी नव्हती डोक्यावर. त्यांनी एकेकाला पाणी दिलं. पोरं पाणी प्यायली, एकानं तोंडावर मारलं. जाताना एक जण "बरं वाटलं काका" म्हणाला, आणि मग हात वर करून त्यानं मोठ्यानं घोषणा दिली. सगळी पोरं मिस्त्रींकडं बघत थांबली, आता काकांनी पुढची ओळ म्हणायची म्हणून. मिस्त्रींचे ओठ हलले. ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, मागून मोर्चा गर्जत होता. पोरं हसत निघून गेली. मिस्त्री जार घेऊन तसेच उभे होते.

ते काय म्हणाले हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गोष्ट आहे की न विचारायची, हेच ठरवता आलं नाही.

संध्याकाळी सगळं शांत झालं. कॉलनीत काही झालं नाही. गावात कुठंतरी एका गाडीची काच फुटली म्हणे, तेवढंच. यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा, काही झालं न्हाई." मिस्त्री म्हणाले, "तुमी होते म्हणून साहेब." आम्ही सगळ्यांनी मिळून चहा घेतला. मला वाटलं, संपलं.

दोन दिवसांनी आम्ही आमच्या गेटवरचा झेंडा काढला, घडी करून देवघराच्या खालच्या खणात ठेवला. मिस्त्रींच्या गेटवरचा तसाच होता. मी यांना आठवण करून दिली. हे म्हणाले, "काढतो की." दुसऱ्या दिवशीही म्हणाले, "काढतो." मग एकदा चिडलेच. "अगं, चौकात पोरं बसलेली असतात. त्यांच्या गेटवरचा झेंडा मी काढायला लागलो की कोणीतरी विचारणार, काहून काढून राहिले? काय सांगू? की आता गरज न्हाई? म्हणजे लावला होता तो कशासाठी?"

"मग मिस्त्रींनाच काढू द्या."

यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला माझंच बोलणं उलटं ऐकू आलं. कुठल्याशा गावात एका मुसलमान माणसाच्या हातून आपल्या घरावरची दोरी सोडवताना झेंडा खाली पडला आणि कुणीतरी ते मोबाईलवर उतरवून घेतलं, पुढं काय काय झालं, असं यांना कचेरीत कुणी सांगितलं होतं. खरं-खोटं कुणाला ठाऊक नव्हतं. पण ते ऐकल्यावर मिस्त्रींनी झेंड्याला हात लावणं शक्य नव्हतं, आणि यांचाही हात धजेना. ज्यानं तो वाटला त्या माझ्या विद्यार्थ्याला सांगावं, तर तो म्हणेल, असू द्या की बाई, काय तकलीफ आहे?

आणि खरंच, काय तकलीफ होती? कापडाचा एक तुकडा. आपल्याच देवाचा. मी रोज अंगण झाडताना त्याच्याकडं पाहायची आणि मला समजत नसे की तो तिथं असल्यानं मला वाईट का वाटतं.

मिस्त्री सकाळी गेट उघडायचे तेव्हा झेंड्याचं टोक लोखंडात अडकू नये म्हणून ते हलकेच बाजूला धरायचे. दोन बोटांनी. गाडी बाहेर काढायची, परत टोक सोडायचं. कुणी बघतंय का हे बघायचे, ते मी पाहत होते.

एकदा भाभीचे मामा कळमनुरीहून आले, म्हातारे, काठी टेकत. गेटसमोर उभे राहिले, झेंडा पाहिला आणि पुढच्या गल्लीत गेले. तिथं घर शोधत फिरले, पुन्हा आले, पुन्हा उभे राहिले. शेवटी मीच बाहेर येऊन सांगितलं, हेच घर. भाभीनं मागाहून हे मला हसून हसून सांगितलं. "मामू बोलते, बेटी, तुम लोगां घर बेच दिये और मेरेकू बोले भी नै!" ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले. घरात आल्यावर मला वाटलं, यात हसण्यासारखं काय होतं?

मग ती वाऱ्याची सकाळ आली. पहाटेपासून वारा सुटला होता, पत्रे वाजत होते. मी दूध तापवत होते आणि दारावर थाप पडली. बेल नाही, थाप. उघडलं तर मिस्त्री. दोन्ही हात मागं बांधलेले, शाळेत शिक्षा केलेल्या पोरानं उभं राहावं तसे.

"बाई, साहेबांना उठवा. झेंडा पडला. नालीत पडला." आणि लगेच म्हणाले, "मी हात लावला न्हाई."

मी बाहेर गेले. झेंडा त्यांच्या गेटसमोरच्या नालीत पडला होता, अर्धा पाण्यात, अर्धा चिखलात. सुतळी कुजली होती. भाभी दारात पदर तोंडाला लावून उभी. मिस्त्री पुन्हा म्हणाले, "वाऱ्यानं पडला बाई. आमी उठलो तवा पडलेलाच होता. मी हात लावला न्हाई." इतक्या वर्षांत मिस्त्रींचा असा आवाज मी ऐकला नव्हता. लोकांच्या विहिरीत दोरावर उतरणारा माणूस, आणि एका पडलेल्या कापडापासून चार हात लांब उभा होता.

मी नालीत वाकून तो उचलला. हात, बाही, सगळं घाण झालं. नेमका तेव्हाच माझा विद्यार्थी मोटारसायकलवरून आला, दूध आणायला निघाला होता. थांबला. माझ्या हातातल्या झेंड्याकडं पाहिलं, मग मिस्त्रींकडं पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडं.

"काय झालं बाई?"

"वारा किती आहे बघ. पडला. मी उचलला."

"तुमी पाहिला पडताना?"

मी पाहिला नव्हता. मी म्हणाले, "व्हय, पाहिला."

त्यानं गाडीचं इंजिन बंद केलं. मग गाडीवरून उतरला, माझ्या हातातून झेंडा घेतला, कपाळाला लावला. आमच्याच नळाखाली धरून त्यानं तो स्वच्छ धुतला, पिळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "बरं झालं, तुमी होत्या," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर उगी काहीतरी झालं असतं." तो धुतलेला झेंडा नदीत सोडतो म्हणून घेऊन गेला. हे तोवर उठून बाहेर आले होते, त्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "चला, सुटलो एकदाचे." मिस्त्रींनीही हात मोकळे सोडले. भाभीनं आत जाऊन चहा टाकला. त्या दिवशी दुपारभर गेटवर काही नव्हतं आणि मला ते गेट एकदम नवं, उघडं वाटलं.

संध्याकाळी तो परत आला. हातात नवा झेंडा, जुन्यापेक्षा मोठा, रेशमासारख्या चमकत्या कापडाचा. सोबत लोखंडी पट्टी, नटबोल्ट आणि ड्रिल मशीन.

"सुतळीचं काम नव्हतं ते," तो मिस्त्रींना म्हणाला. "आता खांबालाच पक्का करून देतो चाचा. पुन्हा तुमाला टेन्शन न्हाई."

हे अंगणात होते. मी दारात होते. त्याला मशीन लावायला लाईट हवी होती. मिस्त्रींनी घरातून वायरचा बोर्ड आणला, प्लग लावून दिला आणि मशीन चालू असेतोवर बोर्ड हातात धरून उभे राहिले. सिमेंटची पूड त्यांच्या सदऱ्यावर उडत होती. काम झाल्यावर त्यांनी त्याला पाणी विचारलं. तो पाणी प्यायला, मिस्त्रींच्या मुलीला "अभ्यास कसा चालू हाय गं, डॉक्टर व्हायचं ना?" म्हणाला, आणि गेला.

मी त्याला ओळखते. त्याची पहिलीतली पाटी मला आठवते. तो धमकी देत होता का सांभाळत होता, हे मी त्याच्या तोंडाकडं पाहून सांगायला हवं होतं. मला सांगता आलं नाही. त्यालाही सांगता आलं असतं की नाही, कोण जाणे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाभीनं मला मागच्या अंगणात गाठलं आणि म्हणाली, "बाई, हमारा घर का सौदा हुआ."

मला आधी कळलंच नाही. कुठल्या घराचा?

ते गावातल्या जुन्या भागात जाणार होते, जिथं मिस्त्रींचे थोरले भाऊ राहतात. तिथं सगळी वस्ती त्यांचीच. मी विचारलं, काहून? भाभी म्हणाली, मुलीला कॉलेज जवळ पडतं. मिस्त्रींना विचारलं, ते म्हणाले, दुकानाला जवळ पडतं, आता गुडघे दुखतात. भाव चांगला आला, असंही म्हणाले. मशीद जवळ आहे, हेही म्हणाले. सगळी कारणं खरी होती. कॉलेज खरंच जवळ होतं. गुडघे खरंच दुखत होते. मी एकेक कारण धरून पाहिलं आणि कुठलंही खोटं निघेना. झेंड्याचं नाव कुणीच घेतलं नाही.

मीच घेतलं. म्हणाले, "भाभी, त्या झेंड्यापायी चाललात का?"

"नै बाई, तोबा. झंडे से क्या होता?"

"मग कशाला जाता? आम्ही आहोत ना इथं. काही झालं तर आम्ही आहोत."

ती बराच वेळ दोरीवरचे चिमटे काढून डब्यात टाकत राहिली. मग म्हणाली, "हौ बाई. तुम हैं. भाईसाब हैं. वो पोट्टा भी है, वो भी बुरा नै. सब हैं. मैं रोज उठके देखती, सब हैं क्या." तिनं चिमट्यांच्या डब्याचं झाकण लावलं. "थक गई मैं."

मी तिला आणखी काहीतरी म्हणणार होते. काय, ते आठवत नाही. मला राग आला होता, एवढं आठवतं. तिचाच.

यांना मी सांगितलं तेव्हा हे पलंगावर बसूनच राहिले. "एवढं केलं मी त्यांच्यासाठी," म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "माझं चुकलं का गं?" मी म्हणाले, नाही. तेव्हा मोर्चा आला होता, तुम्ही लावला नसता आणि काही झालं असतं तर? आणि लावला, म्हणून काही झालं नाही. हे खरं आहे. पण हे खरं असूनही ते जात होते, हेही खरं होतं. ही दोन वाक्यं एकामागं एक लिहून पोरांना "म्हणून" किंवा "पण" घाला असं मी शाळेत सांगायची. इथं कुठलं घालायचं ते मला जमत नाही.

गिऱ्हाईक कुणी आणलं, तर त्या मोबाईलवाल्यानंच. त्यानं दलाली घेतली नाही. कळमनुरीकडचं एक शेतकरी कुटुंब, पोरांच्या शिक्षणासाठी हिंगोलीत घर बघत होतं. मिस्त्रींना चांगला भाव मिळवून दिला, कागदपत्रांसाठी कचेरीत सोबत गेला. सामान हलवायच्या दिवशी टेम्पोवर लोखंडी कपाट चढवायला सगळ्यात पुढं तोच. घामानं भिजला होता. मिस्त्रींनी त्याला मिठी मारली. खरी मिठी होती, मी जवळून पाहिली.

बोअरच्या मोटारीचं काय करायचं, असं यांनी विचारलं. मिस्त्री म्हणाले, "राहू द्या साहेब. ती इथल्याच पाण्याची हाय." जाताना त्यांनी मोटार शेवटची एकदा उघडून, तेलपाणी करून ठेवली. भाभी माझ्या गळ्यात पडली नाही. तिनं कढीपत्त्याचं एक रोप प्लास्टिकच्या पिशवीत माझ्या हातात दिलं, आणि टेम्पो निघाला. पोरगी मागं गाद्यांवर बसली होती. मला वाटलं ती रडत असेल, पण ती फोनवर मैत्रिणीशी बोलत होती, आणि आनंदात होती.

नव्या शेजाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. चांगले लोक आहेत. बाई हळदीकुंकवाला बोलावते. आमचं पटतं. तरी भिंतीपलीकडं भांडं पडलं की मी अजून थांबून ऐकते, आणि आवाज ओळखीचा नसतो.

मागच्या हिवाळ्यात मी एकटीच भाभीकडं गेले. रिक्षावाल्यानं पत्ता ऐकून मला आरशातून पाहिलं. "वहाँ किसके घर जाना है मॅडम?" मी म्हणाले, मैत्रिणीकडं. हा शब्द मी तिच्याबद्दल पहिल्यांदाच वापरला. गल्ली अरुंद होती, घरं खेटून, दोन्हीकडं पायऱ्यांवर बायका बसलेल्या. मी आत शिरले तशा त्या बोलायच्या थांबल्या. मी माझ्याच गावात होते. या गल्लीतून माझ्या पहिल्या शाळेची बस पकडायचा थांबा दिसतो. तरी मी साडीचा पदर उगीच दोन्ही खांद्यांवर ओढून घेतला आणि मग माझं मलाच नवल वाटलं.

भाभीचं घर लहान होतं. पहिल्या घरासारखं अंगण नाही, शेळी ठेवायला जागा नाही. पण ती जाड झाली होती, तोंडावर तेज होतं, मोठ्यानं बोलत होती. इतक्या वर्षांत तिला इतकं मोठ्यानं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मिस्त्री दुकानावर होते. पोरीला परभणीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. आम्ही गप्पा मारत असतानाच शेजारच्या दोघी-तिघी सरळ आत आल्या, न विचारता, हाक न मारता. भाभीनं माझी ओळख करून दिली. "ये बाई. हमारे पैले घर के पास की. मेरी बच्ची को इनोंच पढ़ाये."

त्यातली एक म्हातारी माझ्या शेजारी येऊन बसली. माझा हात हातात घेतला, मायेनं. आणि विचारलं, "इधर आते वखत डर तो नै लगा ना बेटा? कुछ फिकर नक्को कर. कोई कुछ नै बोलता यहाँ. हम हैं."

भीती वाटली नाही म्हणावं तर पदर आठवला. वाटली म्हणावं तर कशाची? मी भाभीकडं पाहिलं. ती माझ्याकडंच पाहत होती, आणि तिच्या तोंडावर काय होतं ते या वेळी मी नीट बघायचं ठरवलं होतं, तरी मला ते वाचता आलं नाही. ती हसू दाबत होती की काय, की मला वाचवायला पुढं येत होती. मग तीच म्हातारीला म्हणाली, "अरे नक्को खाला, बाई को क्या डर? बाई तो घर की है," आणि उठून चहा आणायला आत गेली. मी तिथं, अनोळखी बायकांच्या मधोमध, म्हातारीच्या हातात हात देऊन बसून राहिले.